इटलीवाले आबा

युरोप टूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आयफेल टॉवर चिमटीत पकडल्याचा फोटो, टिटलिसचा बर्फ, व्हेनिसचा गोंडोला आणि संध्याकाळी हॉटेलवर टूर कंपनीचा गरमागरम वरण-भात! लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, दोघांच्या पगाराचं गणित जरा जमायला लागलं की ‘युरोप करून टाकू’ अशी टूम निघतेच. आमच्याकडेही निघाली. मी फ्रीलान्स पत्रकार, त्यामुळे सुट्टी मिळणं सोपं, पैसे मिळणं अवघड. नवरोबा आयटीत, त्याचं बरोबर उलटं. दोन्हीचा मेळ बसून गेल्या मे महिन्यात बारा दिवस हाताशी आले.

राहायची सोय होती. नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे आमची ताई, गेली आठ वर्षं म्युनिकला राहते. दरवर्षी गणपतीत फोनवर ‘या की रे एकदा’ चालायचंच. तेव्हा प्लॅन ठरला, पाच दिवस ताईकडे, मग तीन दिवस व्हेनिस, उरलेले रोम. एक्सेल शीट तयार. हॉटेलं शॉर्टलिस्ट झालेली. सातारा जिल्ह्यातल्या आजोळी आम्ही गेलो ते फक्त आजीच्या पाया पडायला.

आजी म्हणजे आईची आई. वय त्र्याऐंशी. कानाने पक्की, डोळ्यांनी जरा अधू, आणि भूगोलाशी तिचा संबंध पंढरपूर-तुळजापूरच्या पुढे कधी आलेला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्या वाटंवर इटाली लागती का गं?’’

नवरा उत्साहाने म्हणाला, ‘‘लागते म्हणजे काय आजी, सात दिवस तिथेच आहोत!’’

आजी उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आली.

* * *

आमच्या घरात ‘इटलीवाले आबा’ हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजीचे वडील, माझे पणजोबा. मराठा पलटणीत शिपाई होते. आजी पाळण्यात असताना बोटीवर चढले ते परत आलेच नाहीत. बस, एवढीच गोष्ट. कुठल्या कुठल्या घरात असतो ना एखादा ‘काशीला गेलेला काका’, तसे हे आमचे ‘इटलीवाले’. त्यांचा फोटो नाही. ते उंच होते की बुटके, काळे की गोरे, सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही.

ट्रंकेत एक जुनं पेन्शनचं पुस्तक होतं. कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यावर इंग्रजीत पलटणीचं नाव आणि एक नंबर. शिवाय एका रुमालात बांधलेलं सहा टोकांचं काळपटलेलं पितळी पदक, रंग उडालेल्या फितीसकट. नवऱ्याने फीत उजेडात धरली आणि म्हणाला, ‘‘अगं, लाल, पांढरा, हिरवा! हा तर इटलीचा झेंडा!’’ त्याचं बरोबर होतं. ‘इटली स्टार’ या पदकाची फीत इटलीच्या झेंड्यातल्या तीन रंगांचीच असते. त्या आघाडीवर लढलेल्यांना ते दिलं गेलं. आमच्या घरात ते पंच्याहत्तरहून जास्त वर्षं रुमालात बांधून होतं.

मग आजीने जे सांगितलं ते माझ्या आईलाही अर्धवटच माहीत होतं.

तार आली १९४४ मध्ये. पण गावात प्रेत आलं नाही, अस्थी आल्या नाहीत, बरोबर गेलेला कुणी सोबतीही सांगायला आला नाही. पणजीने तार मानलीच नाही. कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. दर महिन्याला पेन्शनच्या कागदावर अंगठा मात्र उठवायची. गावाने टोमणे मारायचे ते मारले, पेन्शन विधवेची आणि कपाळ सवाशिणीचं! त्यावर पणजीचं उत्तर ठरलेलं, ‘‘पेन्शन सरकारची हाय, कुंकू माजं हाय.’’

दुसरा टोमणा जास्त जिव्हारी लागायचा. ‘तिकडं एखाद्या मडमेशी लगीन लावून बसला असंल.’ आजी शाळेत जायची तेव्हा पोरं तिला ‘मडमेची पोर’ म्हणायची. चौथीनंतर तिने शाळा सोडली ती त्यामुळेच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पितृपक्षात घरात सगळ्यांची पानं वाढली जायची, आबांचं नाही. पणजी म्हणायची, ‘‘जित्या मानसाचं पान वाढत्यात व्हय?’’ पणजी गेली. मग आजीने तोच नियम पुढे चालवला. कारण जिवंत नाहीत हे तर आता उघडच होतं, पण कधी गेले, कसे गेले, कुठे गेले? तिथी माहीत नाही तर पान कधी वाढायचं?

‘‘मला दुसरं काय बी नगं,’’ आजी म्हणाली, ‘‘तितं जाऊन एवढंच इचारून यायचं. माज्या बाला अग्नी दिला का कुनी? का तसाच चिखलात ऱ्हायला?’’

आमच्या एक्सेल शीटमध्ये यासाठी कॉलम नव्हता.

* * *

परत येताना गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता. तो दादरचा. त्याला गाव असं नाहीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी पोरं ‘गावाला’ गेली की हा एकटा शिवाजी पार्कवर. टोलनाका ओलांडल्यावर म्हणाला, ‘‘व्हेनिस कुठे पळून चाललंय?’’

बुडत चाललंय असं म्हणतात, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

घरी आल्यावर शोध सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. त्यातले साधारण पावणेसहा हजार परतले नाहीत. तिथे एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय फौजेतल्या जवानांना आणि त्या सहांमधले दोघे मराठा पलटणीचे, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि बावीस वर्षांच्या वयात तिथेच पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. मुंबई-गोवा हायवेवरून माणगाव किती वेळा पार केलं असेल आपण, वडापाव खाण्यापलीकडे तिथे कधी थांबलोय?

ब्रिटिश राष्ट्रकुलातल्या दोन्ही महायुद्धांच्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. १९१७ मध्ये स्थापन झालेली. तिच्या वेबसाइटवर नाव टाकून फुकट शोध घेता येतो. आम्ही आबांचं नाव टाकलं. शून्य रिझल्ट. आडनावाची स्पेलिंगं बदलून बघितली. एकदा शून्य, एकदा दोनशेच्या वर. इतके लोक एकाच आडनावाचे? हो, इतके लोक एकाच आडनावाचे.

पण या शोधात एक गोष्ट कळली, आणि तिने माझी झोप उडवली. इटलीत भारतीय सैनिकांची नावं वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आहेत. ज्यांना दफन केलं त्यांच्या कबरी आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागलाच नाही अशा राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कसिनो मेमोरियलवर आहेत. खुद्द यशवंत घाडगेंचं नाव त्यातच आहे. आणि ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं, त्यांच्यासाठी तीन वेगळी ‘क्रिमेशन मेमोरियल्स’ आहेत, सांग्रो नदीजवळ, फोर्ली शहरात आणि रिमिनीला.

म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर होतं! आबांचं नाव कुठल्या दगडावर आहे, एवढ्यावर ते ठरणार होतं. कसिनोवर असेल तर आजीची भीती खरी. या तीनपैकी कुठे असेल तर अग्नी मिळाला.

आणि नाव सापडत नव्हतं. तिकिटं काढली होती, बॅगा भरल्या, निघालो.

* * *

म्युनिकला ताईने पुरणपोळीने स्वागत केलं. डाळ शिजवायचा कुकर कोल्हापूरहून आणलेला, फ्रिजवर गणपतीचं मॅग्नेट आणि दारात बुटांचा स्टँड, अगदी आपल्यासारखा. भाची नऊ वर्षांची. मराठी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. शाळेत तिला नेमका फॅमिली ट्री करायचा होता. मोठ्या चार्टपेपरवर चौकोन आखलेले. बाबांकडचे चौकोन चार पिढ्यांपर्यंत भरलेले, आईकडे तीन, आणि मग रिकामे. ‘‘मामी, तुझ्याकडचे पण टाकू?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, टाक. आबांच्या चौकोनात तिने एक प्रश्नचिन्ह काढलं. बाजूला इटलीचा बूट.

ताईच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. वय चौऱ्याऐंशी. आठ वर्षांत ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘कचरा वेगळा करा’ यापलीकडे ताईशी फार बोलणं नाही. भाचीने जिन्यात त्यांना चार्टपेपर दाखवला आणि मामीचे पणजोबा इटलीत मेले हे सांगून टाकलं. संध्याकाळी त्या स्वतःहून वर आल्या. खुर्चीत बसल्या आणि भाचीकडून दुभाष्याचं काम करून घेत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘कुठला हिवाळा?’’

फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्या मधल्या डोंगरात फुटा पास म्हणून खिंड आहे. तिथल्या जर्मन लष्करी कब्रस्तानात तीस हजारांहून अधिक सैनिक आहेत. त्यांतले एक या बाईंचे वडील. वडील गेले तेव्हा त्या तीन वर्षांच्या. आपली आजी दोन. दोघींचे बाप एकाच युद्धात, एकाच देशात, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. मला काय बोलावं सुचेना. बाईंना मात्र त्यात काही अवघड वाटलं नसावं. त्यांनी सरळ कामाचं बोलणं काढलं. नावाने शोधू नका, नावं लिहिणारे नेहमी चुकतात. नंबर आहे का? नंबर चुकत नाही. आणि फोटो काढायला सकाळी लवकर जा. दुपारचं ऊन दगडावर सरळ पडतं, कोरलेली अक्षरं फोटोत येत नाहीत.

पेन्शनच्या पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये होता. नवऱ्याने नंबर टाकला. एकच रिझल्ट आला.

आडनाव असं लिहिलेलं की आमच्या घरात कुणी ओळखलं नसतं. भरतीच्या वेळी कुणा कारकुनाने कानाला आलं तसं उतरवलं असणार. गावाचं नाव तर पोलंडमधलं वाटावं असं. पण नंबर तोच, पलटण तीच. मृत्यूची तारीख डिसेंबर १९४३ मधली. आणि खाली स्मारकाचं नाव, सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल.

मी ते तीनदा वाचलं. क्रिमेशन.

लगेच गावी फोन लावला. मामाने स्पीकरवर टाकला. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मोबाइलमंदी काय बी दिसतं. तू जा, बघ आनि मग सांग.’’

* * *

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून बोलोन्याला उतरणारा रेल्वेचा रस्ता फारच देखणा आहे. आल्प्स, सफरचंदांच्या बागा, उभ्या कड्यावरचे किल्ले. तिथून पुढे एड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला. फोर्ली, रिमिनी, अँकोना, पेस्कारा. फोर्लीचं स्टेशन आलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘इथे ७६९ नावं आहेत.’’ गाडी दोन मिनिटं थांबली. प्लॅटफॉर्मवर कॉलेजची पोरं आईस्क्रीम खात होती. गाडी निघाली.

पेस्काराला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी घेतली. हा भाग आब्रुत्सोचा. आपल्या टूर कंपन्यांच्या नकाशात तो नाही. एका बाजूला निळा समुद्र, त्यात लाकडी खांबांवर उभे केलेले मासेमारीचे मचाण, त्यांना ‘त्राबोक्की’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला मायेल्लाचा डोंगर, मे महिन्यातही माथ्यावर बर्फ. मध्ये ऑलिव्हच्या आणि द्राक्षांच्या बागा. आदल्या रात्री जेवायला ‘आरोस्तिचिनी’ खाल्ले होते, काडीवर लावून निखाऱ्यावर भाजलेले मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे, वर फक्त मीठ. सातारकरणीला आणखी काय हवं?

एवढ्या सुंदर मुलुखात कुणी मरायला कसं येतं, असं वाटून गेलं. पण १९४३ चा नोव्हेंबर-डिसेंबर असा नव्हता. भारतीय फौजेची आठवी डिव्हिजन सप्टेंबरमध्ये तारांतो बंदरात उतरली आणि किनाऱ्याने वर सरकत सांग्रो नदीपर्यंत आली. पलीकडच्या टेकड्यांवर जर्मन. त्या वर्षी पाऊस थांबतच नव्हता. नदीला पूर, बांधलेले पूल वाहून जाताहेत, गाड्या आणि खेचरं चिखलात रुतलेली. आबा कृष्णाकाठचे. पूर त्यांनी पाहिला असणार. पण पुरात असताना अंगावर बर्फाळ वारा येतो, हे त्यांना कुठून माहीत असणार?

तोरिनो दी सांग्रो गावाच्या हद्दीत, समुद्रापासून जवळच, टेकडीच्या उतारावर हे कब्रस्तान आहे. सांग्रो रिव्हर वॉर सिमेटरी. पहाटेची वेळ, चिटपाखरू नाही. गेट नुसतं लोटलेलं. आत कापलेलं हिरवंगार गवत आणि पांढऱ्या दगडांच्या रांगा, २,६०० हून अधिक. इंग्रज, न्यूझीलंडचे, भारतीय. भारतीयांच्या काही दगडांवर अरबी लिपी कोरलेली, काहींवर चक्क देवनागरी! इटलीच्या टेकडीवर ‘ॐ’ वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

दहन झालेल्यांचं स्मारक त्याच आवारात आहे. पाचशेहून जास्त नावं. आम्ही पलटण शोधली, मग बोट फिरवत खाली आलो. नवऱ्याला आधी दिसलं. त्याने माझा हात धरला आणि त्या ओळीवर ठेवला.

मी रडेन असं वाटलं होतं. नाही रडले. स्पेलिंग वाचत बसले. तेच चुकीचं स्पेलिंग, पण किती निगुतीने कोरलेलं!

नवरा मात्र एक वेगळीच गोष्ट करायला लागला. तो पलटणीतली सगळी नावं वरून खाली मोठ्याने वाचायला लागला. इंग्रजी अक्षरांतून मराठी नाव शोधायचं आणि नीट उच्चारायचं. शिंदे. जाधव. पवार. मोरे. कदम. आपल्या ऑफिसच्या मेलिंग लिस्टसारखी यादी. एखाद्या स्पेलिंगवर अडला की माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे ‘चव्हाण असेल’, मग तो ‘चव्हाण’ म्हणायचा. सगळी संपायला बराच वेळ लागला. ज्याला गाव नाही त्या माझ्या नवऱ्याला त्या सकाळी अर्ध्या पश्चिम महाराष्ट्राची गावं एकदम मिळाली असं मला वाटलं.

या कब्रस्तानांमध्ये भिंतीत एक धातूचं कपाट असतं. त्यात नावांचं रजिस्टर आणि भेट देणाऱ्यांसाठी एक वही. रजिस्टर उघडून आम्ही आबांची ओळ काढली. नाव, नंबर, पलटण, तारीख. आणि त्यापुढे, अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, राहणार अमुक गाव, जिल्हा सातारा.

‘अमकीचा पती.’ तिथे पणजीचं नाव होतं! आयुष्यात जी साताऱ्याच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही, जिला सही येत नव्हती, तिचं नाव आबांच्या नावाशेजारी इटलीतल्या एका पुस्तकात छापलेलं होतं. गाव तिला म्हणत होतं की तो तिकडे मडमेचा झाला. आणि इकडे कागदावर तो कुणाचा होता ते सरळ लिहिलेलं.

मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे बारा वाजून गेलेले. आजीच्या डोळ्यांना स्क्रीनवरचं काही दिसत नव्हतं, हे तिने लगेच सांगून टाकलं. मी नाव वाचून दाखवलं. तारीख वाचली. इथे ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना अग्नी दिलेला आहे, हे सांगितलं. मग रजिस्टरमधली ओळ वाचली, तिच्या आईच्या नावासकट.

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

‘‘त्या दगडाला हात लाव,’’ आजी म्हणाली. ‘‘लावलास? गार हाय का गरम?’’

सूर्य वर आला होता. ‘‘गरम झालाय आजी. ऊन पडलंय.’’

‘‘मग बरं हाय,’’ ती म्हणाली.

आजीने निघताना एका पुडीत पणजीच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू दिलं होतं. दगडाला डाग नको म्हणून ते पायथ्याच्या गवतात सोडलं. वहीत मराठीत दोन ओळी लिहिल्या. आमच्या आधीची नोंद कुणा न्यूझीलंडच्या कुटुंबाची होती, तेही पणजोबांना भेटायला आलेले.

* * *

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा ‘बसऱ्याचा काका’ किंवा ‘फ्रान्सचे आजोबा’ असतील. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, कुठल्याही बाजूचे असा, आजीला एकदा विचारून बघा. ट्रंक उघडा. पेन्शनचं पुस्तक, पदकाची फीत, जुनं पत्र, काहीही चालेल. पलटणीतला नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नावाची सगळी वेडीवाकडी स्पेलिंगं टाकून बघा. लंडनला प्रोजेक्टवर असाल तर ब्रायटनजवळच्या टेकडीवरची छत्री बघून या. पहिल्या महायुद्धात तिथल्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, त्या जागेवर ती १९२१ मध्ये उभारली. पॅरिसला जाणार असाल तर उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेलला ४,७०० हून अधिक भारतीय नावं आहेत. डिस्नेलँडचा एक दिवस कमी होईल. चालतं.

आमचं व्हेनिस राहिलं ते राहिलंच. रोममध्ये दीड दिवस मिळाला, त्यात कलोसियम बाहेरून आणि पिझ्झा आतून, एवढं झालं. म्युनिकहून भाचीने व्हॉट्सअॅपवर तिच्या चार्टचा फोटो पाठवला. आबांच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह खोडून तिने तारीख लिहिली होती, आणि शेजारी एक नवा चौकोन काढून पणजीचं नाव. खालच्या जर्मन आजींना तिने सकाळच्या उन्हातला फोटो दाखवला. अक्षरं चांगली आली आहेत, एवढंच त्या म्हणाल्या म्हणे.

मी तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालून गावी नेला. आजीने तो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावून घेतला. मग मामाला पंचांग काढायला लावलं. तिथीचा प्रश्न तसा तारखेवरून सुटला असता, पण गावातल्या भटजींनी सांगितलं की शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात. पंचांगात ते छापलेलंही असतं. इतकी वर्षं दर पंचांगात आबांचा दिवस छापून येत होता, तो आमच्या घराचाही आहे हे कळायला सांग्रोपर्यंत जावं लागलं.

चतुर्दशीला आम्ही दोघं मुद्दाम रजा टाकून गेलो. म्हणजे रजा त्याची, मला काय! आजी पहाटेपासून चुलीपाशी. मामी म्हणत होती, एवढं कशाला, खीर आणि वडे पुरे. पण आजी ऐकेना. खीर झाली, वडे झाले, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. मग म्हणाली, पिठलंही टाक. मग म्हणाली, भाकरी कर एखादी, बाजरीची, आणि ज्वारीची पण कर. मग ठेचा. पानात जागा उरली नाही तेव्हा मी न राहवून विचारलं, ‘‘आजी, अगं किती? कोण खाणार एवढं?’’

आजीने डाव पातेल्यावर ठेवला.

‘‘त्येला काय आवडायचं ते आता कुनालाच म्हाईत न्हाई गं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनून समदं केलंय.’’